यंत्राच्या उत्तरावर माणसाची सही



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा मनात पहिली शंका आली ती ही की, या व्यासपीठावर मी काय बोलावे? न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात अशा व्याख्यानांचा पाया घातला, आणि तेव्हापासून गावोगावच्या व्याख्यानमालांतून मोठमोठ्या विद्वानांची भाषणे झाली. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी संपले. पुढे जे काही शिकलो ते नगरवाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. परंतु चालकांनी सुचवलेला विषय ऐकला आणि थोडा धीर आला. गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे हे यंत्राने ओळखावयाचे, त्याला यंत्रानेच उत्तर द्यावयाचे, आणि त्या उत्तरावर माणसाने देखरेख ठेवावयाची, अशी विक्रीची एक नवी तऱ्हा निघाली आहे. तिच्याविषयी बोला, असे त्यांनी सांगितले. गेली पंचवीस-तीस वर्षे मी दुकानांतल्या, वखारींतल्या आणि अलीकडे कॉल सेंटरांतल्या कामगारांची संघटना बांधण्याचे काम करतो. यंत्र कसे बांधतात ते मला इंजिनियरइतके कळत नाही. मात्र 'देखरेख' या शब्दाखाली कोणाला बसवतात, त्याच्याकडून काय करून घेतात आणि चूक झाली की कोणाचा कान धरतात, एवढे मी जवळून पाहिले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. गिऱ्हाइकाचे मन ओळखणे ही काही आजची विद्या नव्हे. कापडाच्या जुन्या दुकानात गादीवर बसलेला गुमास्ता आठवा. बाई दुकानात येत, बसत. गुमास्ता पाच-सात लुगडी उलगडून टाकी. बाई तोंडाने म्हणत, "नुसते पाहायला आलोय." पण एखाद्या लुगड्याचा पदर त्यांनी उचलून दाराच्या उजेडात नेला की गुमास्ता समजे, आणि बाकीची लुगडी हळूच बाजूला सारी. ही झाली खूण ओळखण्याची एक बाजू. दुसरी बाजूही त्याला ठाऊक असे. एखादा गृहस्थ येई, पांढरे कापड मागे, भाव विचारीत नसे, कोणाकडे पाहत नसे. गुमास्ता मुकाट्याने कापड फाडून देई. "नवीन माल आला आहे, दाखवू का?" असे तो त्या वेळी विचारीत नसे. विकावे केव्हा हे ज्याला कळते तो गुमास्ता. आणि केव्हा गप्प बसावे हे ज्याला कळते तो चांगला गुमास्ता. ही दुसरी अर्धी विद्या आज रात्री आपण विसरू नये.

आता नवी तऱ्हा पाहू. आज निम्मे दुकान दूरध्वनीच्या पडद्यावर आले आहे. तिथे गिऱ्हाइकाचा चेहरा दिसत नाही. पण त्याच्या बोटांचा माग राहतो. वस्तूची किंमत त्याने तीनदा पाहिली. हप्ता किती पडेल याचा हिशेब केला. आपल्या गावाचा पिनकोड घालून माल घरपोच येतो का ते तपासले. वस्तू टोपलीत टाकली आणि पैसे न भरता निघून गेला. माहितीपत्रक उतरवून घेतले. रात्री अकराला प्रश्न विचारला. या सर्वांना व्यापाराच्या इंग्रजीत 'बायर इंटेंट सिग्नल' म्हणतात. आपण त्यांना खरेदीच्या इराद्याच्या खुणा म्हणू. १९९४ साली नेटस्केप या कंपनीतील लू मोंटुली या इंजिनियरने 'कुकी' नावाची एक लहानशी चिठ्ठी तयार केली. दुकान ती चिठ्ठी गिऱ्हाइकाच्याच यंत्रात ठेवून देते, आणि तो परत आला की "हा तोच" म्हणून ओळखते. तेव्हापासून या खुणा जमवणे सोपे झाले.

खुणा जमल्या की त्यांना गुण देतात. नुसते पाहिले तर थोडे, किंमत पाहिली तर जास्त, हप्त्याचा हिशेब केला तर आणखी जास्त. बेरीज एका मर्यादेपलीकडे गेली की यंत्र आपण होऊन हालचाल करते: संदेश पाठवते, सूट देऊ करते, विक्रेत्याला "याला आत्ताच फोन करा" म्हणून सांगते, किंवा स्वतःच गिऱ्हाइकाशी गप्पा मारू लागते. पूर्वी हे संदेश ठरावीक साच्याचे असत. गेल्या काही वर्षांत वाक्ये स्वतः रचणारी यंत्रे आली आहेत, आणि ती मराठीतही बऱ्यापैकी गोड बोलतात.

व्यापाऱ्यांना एवढी घाई कशाची, असे आपण विचाराल. तिला कारण आहे. 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या मासिकात २०११ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील २,२४१ कंपन्या चौकशी करणाऱ्याला किती वेळात उत्तर देतात ते त्यात तपासले होते. त्याच लेखातल्या दुसऱ्या एका अभ्यासात एका तासाच्या आत उत्तर देणाऱ्या कंपनीची चौकशी पुढे सरकण्याची शक्यता, त्यानंतर तासाभराने उत्तर देणारीपेक्षा जवळजवळ सातपट होती. आणि पाहणीतल्या २३ टक्के कंपन्यांनी तर मुळीच उत्तर दिले नाही! म्हणजे गिऱ्हाईक दाराशी उभे, आणि गल्ल्यावर कोणी नाही. ही उणीव यंत्र भरून काढत असेल तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. "दुकान किती वाजता उघडते?", "माझे पार्सल कुठवर आले?" अशा प्रश्नांना दिवसभर तीच तीच उत्तरे देऊन ज्यांचा घसा बसतो त्यांना विचारा. यंत्राने ते ओझे उचलले तर आमचे सभासद त्याला हार घालतील. मी यंत्राचा शत्रू म्हणून येथे उभा नाही.

परंतु खूण म्हणजे मन नव्हे. चाकाच्या खुर्चीची किंमत पाच वेळा पाहणारा माणूस दुकानदाराच्या दृष्टीने उत्सुक गिऱ्हाईक असतो. तो मुलगा असेल, ज्याच्या वडिलांना काल अर्धांगवायूचा झटका आला आहे. मागणी रद्द कशी करावी हे शोधत जो चारदा त्याच पानावर येतो, त्याच्याही खात्यात यंत्र गुणच जमा करते. हप्त्याचा हिशेब दहादा करणारा घ्यायला आतुर असेल, किंवा तो हप्ता आपल्याला झेपणार नाही हे त्याला दहादा पटवून घ्यावे लागत असेल. बोटांचा माग दोघांचा सारखाच. पांढरे कापड मागणारा गृहस्थ या दुकानात आला तर यंत्र त्याला नवीन माल दाखविल्यावाचून राहणार नाही.

शिवाय बोलणारे यंत्र आत्मविश्वासाने चुकते. त्याचे दोन दाखले सर्वांसमोर आलेले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, वॉटसनव्हिल या गावच्या एका मोटारविक्रेत्याच्या संकेतस्थळावर बोलणारे यंत्र बसवलेले होते. एका खट्याळ गृहस्थाने त्याला आधी पढवले की, गिऱ्हाईक म्हणेल त्याला होकार द्यायचा आणि हा करार बंधनकारक आहे असेही म्हणायचे. मग त्याने नवी कोरी मोटार एका डॉलरला मागितली. यंत्राने मान्य केले. मोटार अर्थातच मिळाली नाही, यंत्र तिथून काढले गेले, आणि जग हसले.

दुसऱ्या दाखल्यात हसण्यासारखे काही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅनडातील एका प्रवाशाची आजी वारली. तिकीट काढण्यापूर्वी त्याने एअर कॅनडा या विमानकंपनीच्या यंत्राला विचारले की, घरी मृत्यू झाला असता भाड्यात जी सवलत मिळते तिचे काय? यंत्राने सांगितले, आता पूर्ण भाड्याने तिकीट काढा आणि ९० दिवसांच्या आत सवलतीसाठी अर्ज करा. कंपनीचा खरा नियम याच्या उलट होता. प्रवाशाने अर्ज केला, तो नाकारला गेला. प्रकरण ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या दिवाणी न्यायाधिकरणापुढे गेले. तेथे कंपनीने युक्तिवाद केला की, यंत्राने दिलेल्या माहितीची जबाबदारी आमच्यावर येत नाही. जणू ते यंत्र म्हणजे कंपनीहून निराळी कोणी व्यक्ती! फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने हा युक्तिवाद फेटाळला आणि सुमारे ८१२ कॅनडियन डॉलर प्रवाशाला द्यावयास लावले. रक्कम किरकोळ, परंतु तत्त्व मोठे आहे. दुकानात जे बोलले जाते ते दुकानदाराचे बोलणे, मग ते माणूस बोलो की यंत्र.

अशी प्रकरणे घडू लागली तेव्हा व्यापारी जगाने एक तोडगा काढला: यंत्राच्या उत्तरावर माणसाची देखरेख ठेवा. ऐकायला किती समाधानकारक वाटते पाहा! परंतु ही देखरेख तीन प्रकारची असते, आणि ते तीन प्रकार एकात मिसळू देता कामा नयेत. पहिल्या प्रकारात यंत्र मसुदा करते, माणूस वाचतो, आणि त्याने होकार दिल्याशिवाय काहीच बाहेर जात नाही. दुसऱ्यात उत्तरे आपोआप जात राहतात. माणूस पडद्यावर नजर ठेवतो आणि वावगे दिसले तर थांबवतो. तिसऱ्यात सगळे निघून गेल्यावर त्यातली काही उत्तरे नमुन्यादाखल तपासतात. तिन्ही उपयोगी आहेत, पण एकाची किंमत सांगून दुसऱ्याचा माल देणे चालू आहे. जाहिरातीत पहिला प्रकार, कचेरीत दुसरा, आणि हंगामाची गर्दी झाली की तिसराही उरत नाही.

पहिल्याच प्रकाराचा हिशेब मांडून पाहू. समजा, एका मुलीपुढे दिवसाला १,२०० मसुदे येतात. जेवणाची सुट्टी वजा करून सात तास काम धरले तर ते २५,२०० सेकंद झाले. म्हणजे एका मसुद्याला २१ सेकंद. तेवढ्यात तिने गिऱ्हाइकाचे आधीचे बोलणे वाचावे, यंत्राने सांगितलेला भाव खरा आहे का पाहावे, भाषा दुखावणारी नाही ना हे जोखावे, आणि बटण दाबावे. माणसाकडून हे होत नाही. तो पहिल्या तासात वाचतो, दुसऱ्यात चाळतो आणि तिसऱ्यात नुसते बटण दाबतो. याला आळस म्हणू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारसमोर बसणारे सैनिक खुणा का चुकवतात, हे शोधण्यासाठी नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने प्रयोग केले आणि १९४८ साली प्रसिद्ध केले. घड्याळाचा काटा टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो, क्वचित दुप्पट उडी मारतो. ती उडी दिसली की कळ दाबायची. अर्ध्या तासातच माणसांच्या चुका वाढू लागल्या. क्वचित घडणाऱ्या गोष्टीची वाट पाहत लक्ष टिकवणे हे जगातल्या सर्वांत दमवणाऱ्या कामांपैकी एक आहे. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला हे प्रयोगावाचून ठाऊक असते.

आणखी एक मेख आहे. १९८३ साली लिझॅन बेनब्रिज या विदुषीने एका निबंधात दाखवून दिले की, यंत्र सोपी कामे घेते आणि अवघड तेवढी माणसावर टाकते. पण सोपी कामे करता करताच माणसाचा हात तयार होत असतो. ज्या मुलीने गिऱ्हाइकाशी कधी स्वतः बोलूनच पाहिले नाही, तिला यंत्राच्या बोलण्यातली खोट कशी उमगावी? गादीवर बसल्याशिवाय कोणी गुमास्ता झाला आहे काय?

आमच्या कचेरीत आलेले एक प्रकरण सांगतो. कंपनीचे नाव सांगत नाही. मुद्दा नावाचा नाही. एका मुलीला 'देखरेखीत हलगर्जीपणा' केल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस मिळाली होती. एका घरी मृत्यू झाला म्हणून गिऱ्हाइकाने शीतकपाटाची मागणी रद्द करावयास लिहिले होते. यंत्राला दिसले एवढेच की, हा माणूस पुन्हा पुन्हा मागणीच्या पानावर येतो. त्याने मसुदा केला: "अजून विचार चालू आहे? आजच घ्या, खास सूट!" मुलीच्या होकाराने तो गेला. त्या घरातून आलेली तक्रार मी वाचली आहे. ती वाचून कोणाचीही मान खाली जाईल. चौकशीत आम्ही एकच गोष्ट विचारली: त्या गृहस्थाचे आधीचे पत्र या मुलीच्या पडद्यावर दिसत होते काय? दिसत नव्हते. पडद्यावर होते ते गिऱ्हाइकाचे गुण, यंत्राचा मसुदा आणि होकाराचे बटण. नकाराचेही बटण होते, पण नकार दिला की कारण लिहावे लागे, आणि त्यात गेलेला वेळ तिच्या कामगिरीतून वजा होई. नोटीस मागे घेतली गेली. मात्र पडदा तसाच राहिला आणि रोजचा कोटाही तसाच राहिला.

मॅडलीन क्लेअर एलिश नावाच्या अमेरिकन संशोधिकेने या प्रकाराचे फार चपखल वर्णन केले आहे. मोटारीच्या पुढचा भाग असा बांधतात की टक्कर झाली तर तो चेपावा आणि आतला माणूस वाचावा. यंत्रांच्या व्यवस्थेत, त्या म्हणतात, उलटे घडते: दोषाचा आघात माणसाने सोसायचा आणि व्यवस्था वाचायची. आपल्या भाषेत याला बळीचा बकरा म्हणतात. माझे आजचे सांगणे थोडक्यात हेच आहे. ज्या माणसाला वेळ नाही, माहिती नाही आणि थांबवण्याचा अधिकार नाही, त्याची सही ही देखरेख नव्हे. ती दुसऱ्याच्या चुकीसाठी आगाऊ घेतलेली जबानी आहे.

हा प्रश्न नवा वाटतो, पण मुंबईच्या गिरणगावाला तो ठाऊक होता. १९२८ साली सुमारे दीड लाख गिरणीकामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर होते. मवाळ ना. म. जोशी आणि कम्युनिस्ट डांगे एका संपसमितीत बसले, एवढा तो प्रश्न जिव्हाळ्याचा होता. पगारकपातीचे गाऱ्हाणे होतेच. पण दुसरे मोठे गाऱ्हाणे असे होते की, दोन साचे सांभाळणाऱ्या विणकराने आता तीन सांभाळावेत, असे मालकांचे म्हणणे होते. पुष्कळांना वाटते, कामगार यंत्राविरुद्ध भांडले. ते साच्यावरच पोट भरत होते! त्यांचा सवाल इतकाच होता की, एका माणसाच्या दोन डोळ्यांनी किती साच्यांवर नजर ठेवावी, ते ठरवणार कोण?

त्याच सुमारास जपानात साकिची टोयोडा या सुताराच्या मुलाने १९२४ साली एक स्वयंचलित माग तयार केला. ताण्याचा धागा तुटला की तो माग आपण होऊन थांबे. साध्या मागाचा धागा तुटला तरी तो चालूच राही आणि वावच्या वाव कापड खराब होई. म्हणून मागाशेजारी डोळ्यांत तेल घालून माणूस उभा करावा लागे. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. कामगाराच्या दृष्टीने ही दुधारी गोष्ट होती, हे मी लपवीत नाही: एकाला अनेक माग सांभाळता येऊ लागले, म्हणजे माणसे कमी लागली. परंतु त्यात एक प्रामाणिकपणा होता. माणसावर अधिक यंत्रे सोपवायची तर आधी यंत्राने स्वतःचा धागा तुटल्याचे ओळखून थांबायला शिकले पाहिजे. आजच्या बोलक्या विक्रीयंत्राचा धागा तुटतो तेव्हा ते थांबत नाही. त्याच गोड आवाजात पुढे विणत राहते. आणि खराब कापड बाहेर आले की विचारतात, "पहाऱ्यावर कोण होते?"

तेव्हा करावे काय? मी चार गोष्टी मागतो, आणि त्या कामगाराइतक्याच गिऱ्हाइकाच्याही हिताच्या आहेत.

पहिली गोष्ट, उत्तरांची वर्गवारी. दुकानाची वेळ सांगायला माणसाची सही नको. तिथे नमुन्याची तपासणी पुरे. पण भाव, सूट, कर्ज, हप्ता, पैसे परत करणे, यांबाबतचे वचन माणसाच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय जाऊ नये. आणि जिथे आजार, मृत्यू, तक्रार किंवा "मला नको" असा शब्द आला, तिथे यंत्राने टोयोडांच्या मागासारखे स्वतःच थांबावे आणि माणसाला हाक मारावी. सगळ्याच उत्तरांवर सही मागितली की कशावरच खरी सही होत नाही.

दुसरी गोष्ट, आकडा. एका माणसाने तासाला किती मसुदे तपासावेत हे करारात लिहिलेले असावे. ते काम करणाऱ्यांना विचारून, प्रत्यक्ष वेळ मोजून ठरावे. मधल्या विश्रांतीची वेळही त्यात असावी. कामगारकपात संभवते अशी यंत्रसुधारणा करण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस द्यावी, ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ती ठेवली आहे. ती नोटीस हातात पडली की युनियनने "किती माणसे कमी करणार?" एवढेच विचारून थांबू नये, "उरलेल्यांच्या डोळ्यांपुढे किती मसुदे येणार?" हेही विचारावे.

तिसरी गोष्ट, माहिती आणि थांबवण्याचा हक्क. गिऱ्हाइकाचे पूर्वीचे बोलणे आणि यंत्राने कोणत्या खुणांवरून हा निष्कर्ष काढला ते, दोन्ही पडद्यावर दिसले पाहिजे. थांबवणे हे होकार देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, आणि थांबवले म्हणून कोणाचा पगार, बढती वा हप्त्याचा बोनस कापला जाता कामा नये. युरोपीय संघाने २०२४ साली कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो कायदा केला, त्याच्या १४ व्या कलमात हेच तत्त्व आहे: देखरेख करणाराला यंत्राच्या मर्यादा कळाव्यात, त्यावर फाजील विश्वास ठेवण्याच्या प्रवृत्तीची त्याला जाणीव असावी, आणि ते थांबवणे त्याच्या हाती असावे. ते कलम अधिक धोक्याच्या यंत्रणांपुरते आहे, साध्या विक्रीला ते लागू नाही. पण चांगली रीत दुसऱ्याच्या घरची असली म्हणून घेऊ नये असे थोडेच आहे?

चौथी गोष्ट, जबाबदारी. ज्याने यंत्र बसवले आणि ज्याच्या गल्ल्यात पैसा पडतो, जबाब त्यानेच द्यावा. देखरेख करणाराने जाणूनबुजून अपाय केला तर त्याला जरूर विचारा. पण २१ सेकंदांत जे दिसणे शक्य नव्हते ते दिसले नाही, म्हणून नोटीस देऊ नका.

यावर मालक म्हणतात, "अहो, अशाने देखरेखच यंत्रापेक्षा महाग पडेल, आणि शेजारचा दुकानदार देखरेख न ठेवता माझे गिऱ्हाईक पळवील." या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी उडवून लावत नाही. म्हणूनच तर वर्गवारी सांगितली. दहांतली आठ उत्तरे निर्धोक असतील तर त्यांवर माणूस खर्ची घालू नका. आणि शेजाऱ्याचे म्हणाल तर, एकट्यादुकट्याला जे परवडत नाही ते सर्वांना सारखे लागू करण्यासाठीच कायदा असतो. आठ तासांच्या दिवसाबद्दलही हेच बोलले जात असे. दुसरे म्हणतात, "यंत्र रोज सुधारते आहे, थोड्या वर्षांत देखरेखच लागणार नाही." सुधारो बापडे! पण यंत्र जितके क्वचित चुकेल तितका पाहणाऱ्याचा डोळा अधिक लागेल, हे मॅकवर्थच्या घड्याळाने सांगितलेच आहे. शिवाय चुका कमी झाल्या तरी वचनाला बांधलेला कोणी तरी माणूस गिऱ्हाइकाला लागतोच.

शेवटी आपल्यापुरते. या सभागृहात कामगार थोडे असतील, व्यापारी थोडे असतील, पण गिऱ्हाईक आपण सगळेच आहोत. जाहिरातीचे फोन व संदेश नकोत, अशी नोंद १९०९ या क्रमांकावर करता येते. २०१८ च्या दूरसंचार नियमांनी आपली ती पसंती पाळणे बंधनकारक केले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीचे १३ प्रकार सांगून त्यांना मनाई केली. "फक्त दोनच नग उरले, लवकर करा" अशी खोटी घाई, न विचारता टोपलीत जिन्नस सरकवणे, "नको" म्हणणाऱ्याला लाजवणे, हे सारे त्यात येते. हे हक्क वापरा. आणि पुढच्या वेळी रात्री अकराला एखाद्या दुकानाने क्षणात गोड उत्तर दिले, तर त्याला दोन प्रश्न विचारा: मी माणसाशी बोलतो आहे की यंत्राशी? आणि हे वचन मोडले तर मला कोण भेटेल? उत्तर नीट मिळाले तर खुशाल खरेदी करा. न मिळाले तर वस्तू टोपलीतच राहू द्या.

त्या पडद्याआड कोणाची तरी मुलगी बसली आहे, कदाचित याच गावची. तिला वाचायला पुरेसा वेळ मिळावा, तिच्या नकाराला मान असावा, आणि तिने सही केली तर ती खरी असावी, एवढ्यासाठी आमची धडपड आहे. त्यात तुम्ही गिऱ्हाईक म्हणून साथ दिलीत तर आमचे निम्मे काम होईल.